पोटमाळ्याची तिसरी ड्रमर

कपड्यांच्या कारखान्यातल्या शिलाईच्या हॉलमध्ये चौसष्ट यंत्रं होती. सगळी एकदम सुरू झाली की नवीन आलेल्या माणसाला कानात बोटं घालून पळून जावंसं वाटे. मिस्त्रीणबाईला तो गोंगाट म्हणून कधी ऐकूच आला नाही. तिला चौसष्ट वेगवेगळे आवाज ऐकू येत. हातात पेचकस आणि खांद्यावर तेलकट फडकं घेऊन ती रांगांमधून चालायची, मध्येच थबकायची, मान किंचित कलती करायची आणि सरळ जाऊन एखाद्या यंत्राच्या डोक्यावर हात ठेवायची.

“बंद कर. टाका सोडतंय हे.”

“कुठे सोडतंय? मजेत चाललंय की!” शिवणारी वैतागायची.

“बरं, अजून हातभर शीव. मग बोल.”

हातभर शिवून व्हायच्या आत टाका सुटायचा. शिवणारी कपाळावर हात मारायची आणि मिस्त्रीणबाई पेच फिरवायला लागायची. अकरा वर्षं ती या यंत्रांची दुखणी काढत होती. वय एक्केचाळीस. खऱ्या नावाने हाक मारणारं कारखान्यात आता कुणी उरलं नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. शेजारच्या खोलीत कापडाचे शंभर-शंभर थर एका दमात कापणारा कटिंगमास्तर हा ‘पोटमाळा’ नावाच्या रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. ती एकोणीस वर्षांची असताना ‘पोटमाळा’ची पहिली कॅसेट तिच्या हाती पडली होती. तिने ती इतक्यांदा ऐकली की फीत दोनदा तुटली, आणि दोन्ही वेळा तिने ती नेलपॉलिश लावून चिकटवली. मास्तरने वाजवलेला सूर न् सूर तिला पाठ होता. अकरा वर्षं ती रोज त्याच्या समोरून जात होती आणि अकरा वर्षांत त्याच्याशी एवढंच बोलली होती, “मास्तर, पात्याला धार लावून देऊ का?”

खरं विचारायचं होतं ते ओठांवर येऊन परत जायचं. तिला ड्रम वाजवायचे होते. तेही ‘पोटमाळा’त.

घरी मागच्या खोलीत तिचा जुना ड्रमसेट होता. बंद पडलेल्या एका शाळेच्या अडगळीतून आणलेला. शेजाऱ्यांनी दार ठोठावू नये म्हणून त्यावर रबराच्या चटया टाकलेल्या. नवरा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेची नळकांडी सांभाळायचा. स्वभावाने शांत माणूस, पण त्यालाही कधीतरी बोलावंच लागे.

“अगं, जेवताना तरी पाय थांबव. पेल्यातलं पाणी उसळतंय.”

“बाबा, तुम्ही पेला धरून बसा,” सोळा वर्षांची लेक म्हणायची. “आई काही थांबायची नाही.”

आणि मग एक दिवस ‘पोटमाळा’चा ड्रमर बँड सोडून गेल्याची बातमी कारखान्यात आली. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला, यंत्रं गप्प झाली, आणि मिस्त्रीणबाईने दोन पेचकस उलटे धरून एका यंत्राच्या लोखंडी पाटीवर पहिल्या कॅसेटमधलं पहिलं गाणं वाजवायला घेतलं. डोळे मिटून. गाणं अर्धं झालं तेव्हा तिला जाणवलं की कुणीतरी दारात उभं आहे. मास्तर. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमचा तोंडापर्यंत जायचा विसरलेला.

“हे कुठे शिकलात?”

“तुमच्याकडेच,” ती म्हणाली, आणि लाजेने पेचकस ॲप्रनच्या खिशात कोंबले.

“रविवारी सकाळी दहाला या,” मास्तर म्हणाला. “आणि पेचकस आणू नका. आमच्याकडे काठ्या आहेत.”

‘पोटमाळा’ खरोखरच पोटमाळ्यावर होता. गिटार वाजवणारे डॉक्टर दातांचे डॉक्टर होते आणि त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या बुटक्या खोलीत तालीम चाले. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे खाली दात आणि वर दणके अशी वेळ कधी यायची नाही. गाणारी ताई पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्यावरून ओरडून ओरडून तिच्या आवाजाला अशी धार आली होती की माइक नसला तरी चालावं. तिघंही पन्नाशीच्या आगेमागे. बावीस वर्षं एकत्र.

ड्रमर मात्र बदलले. बँडमध्ये लोकांना गाणारीचं तोंड दिसतं, गिटारवाल्याची बोटं दिसतात. ड्रमर सगळ्यांच्या मागे, झांजांच्या आड. पण तो बदलला की एखादं बिऱ्हाड जावं आणि त्याच खोल्यांचा वाससुद्धा बदलावा, तसं होतं. पहिल्या ड्रमरला सगळे सावकाश म्हणायचे. त्याचा ठोका नेहमी केसभर उशिरा पडायचा. तो पडेपर्यंत ताई शेवटचं अक्षर धरून ठेवायची, लांबवायची, आणि त्या लांबवलेल्या अक्षरांनीच लोक वेडे झाले. मास्तर सुरांमध्ये जागा सोडायचा. सगळी गाणी कशी ऐसपैस, पाय पसरून बसल्यासारखी. सावकाश तेरा वर्षं वाजवून थांबला.

त्याच्या जागी आला तो घड्याळ. नावातच सगळं आलं. ठोका म्हणजे ठोका, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. त्याला ताईचं लांबवलेलं अक्षर खपेना. “ताई, तुम्ही उशीर करताय,” तो म्हणायचा, आणि हळूहळू ताईने अक्षरं तोडायला सुरुवात केली. डॉक्टरांची गिटार तुकड्या-तुकड्यांत, सपासप वाजू लागली. ‘पोटमाळा’ मोठा झाला तो याच नऊ वर्षांत. तरुण पोरं हॉल भरून यायची आणि जुने ऐकणारे नाक मुरडून घरी बसायचे. सावकाशवाले आणि घड्याळवाले असे दोन तटच पडले. एकाच घरातले भाऊ-भाऊ यावरून ताटावर भांडायचे. मग घड्याळला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या बँडने बोलावलं आणि तो गेला. वेळेवर, अर्थात.

अशा जागेवर मिस्त्रीणबाई येऊन बसली. पहिल्या रविवारी तिचे तळवे इतके घामेजले होते की काठी सुटून डॉक्टरांच्या पायाशी गेली. पण दुसऱ्या गाण्यापासून तिने अशी पकड घेतली की विचारू नका! कार्यक्रमात वाजवायची आठच्या आठ गाणी तिला पाठ. चार सावकाशच्या काळातली, चार घड्याळच्या. कुठे झांज थोपवायची, कुठे मोठ्या ड्रमला दोनदा पाय मारायचा, सगळं मुखोद्गत. खाली उतरताना तिला वाटलं, आपण जिन्याच्या पायऱ्यांवर पाऊल टाकतच नाही आहोत.

घोडं अडलं ते तिसऱ्या रविवारी.

“मिस्त्री, एक विचारू?” डॉक्टरांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. “सावकाशच्या गाण्यांत तुझा हात थरथरतो का?”

“नाही तर.”

“मग मधल्या ड्रमवर ठोका मारलास की मागून अजून एक बारीक ठोका का येतो? ठाक, टिक. ठाक, टिक. दात किडल्यावर गार पाणी लागावं तसं होतंय मला.”

“तो आहेच ना गाण्यात,” ती गोंधळून म्हणाली. “डाव्या हाताचा. कॅसेटमध्ये आहे.”

“तेरा वर्षं मी सावकाशच्या शेजारी उभा होतो. त्याने असलं काही वाजवलेलं मला आठवत नाही.”

मास्तर डोकं खाजवत होता. “मला मात्र ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. कुठे, ते सापडत नाही.”

“ओळखीचं वाटून काय उपयोग? तीन आठवड्यांवर हॉलमधला कार्यक्रम आलाय. आठही गाणी नव्याने रेकॉर्ड होणार आहेत,” डॉक्टर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, पण काळजी लागली की त्यांचा आवाज इंजेक्शन देण्याआधीचा व्हायचा. त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्यातून एक काळा डबा काढला. त्यावर बटणं होती आणि एक बटण दाबलं की ड्रमचा ताल आपोआप वाजायचा. “पुढच्या रविवारी नाही जमलं, तर हॉलमध्ये हा वाजेल. राग मानू नकोस.”

“मी यंत्रं दुरुस्त करते, डॉक्टर,” ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. “आता यंत्रानेच माझी जागा घ्यायची म्हणजे फारच झालं.”

कुणी हसलं नाही. तीन रविवार! बावीस वर्षं जीव लावून वाट पाहावी आणि तीन रविवारांत खुर्ची जावी?

त्या आठवड्यात तिने कॅसेट पुन्हा ऐकली, वहीत ठोके लिहून काढले. बारीक ठोका होता. दर वेळी होता. मग शुक्रवारी कारखाना सुटल्यावर ती सरळ सावकाशच्या दुकानात गेली. सावकाश आता किल्ल्या बनवायचा. खोली एवढीशी, तिन्ही भिंतींवर किल्ल्या लटकलेल्या, आणि त्यांच्यामध्ये नाकावर चष्मा आलेला एक गोल माणूस कानस घासत बसलेला.

“काय बिघडलंय? कुलूप की किल्ली?”

“ठोका,” ती म्हणाली.

“आँ?”

मग तिने सगळं सांगितलं. तो बारीक ठोका तुम्ही कसा मारायचात ते एकदा दाखवा दादा, म्हणाली, म्हणजे डॉक्टरांना पटेल. आणि बोटांनी काउंटरवर वाजवून दाखवलं. ठाक, टिक. सावकाशने कानस खाली ठेवली. “पुन्हा.” तिने पुन्हा वाजवलं. त्याचे डोळे मोठे झाले, मग गाल हलायला लागले, मग पोट, आणि मग तो असा हसत सुटला की भिंतीवरच्या किल्ल्या खुळखुळल्या.

“अगं माझे आई! तो मी नाहीच!”

“म्हणजे?”

“अगं, ती कॅसेट आम्ही कुठे रेकॉर्ड केली माहितीय? ताईच्या तलावात! फरश्या बदलायच्या म्हणून पाणी काढलं होतं. दोन दिवस तलाव कोरडा ठणठणीत. आम्ही खाली उतरून एका टोकाला बसलो. मी ठोका मारला की पलीकडच्या भिंतीवरून परत यायचा. ठाक म्हणजे मी. टिक म्हणजे भिंत!” त्याने चष्मा काढून डोळे पुसले. “तू एवढी वर्षं भिंतीचं वाजवतेयस!”

मिस्त्रीणबाई तिथल्या स्टुलावर मटकन बसली. तिचे कान लाल झाले. ज्या कानांवर चौसष्ट यंत्रं चालत होती, त्यांनी तिला असं तोंडावर पाडावं! बावीस वर्षं ती एका भिंतीची शिष्या होती. डावा हात तिने त्या ठोक्यासाठी किती झिजवला होता. लेक पोटात असताना, मनगट सुजलेलं असताना, परातीच्या कडेवरसुद्धा.

“दादा, हसू नका हो. माझी खुर्ची जातेय.”

सावकाशने हसू आवरलं. त्याने समोरची अर्धवट घासलेली किल्ली बाजूला सारली आणि उजवा पाय काउंटरबाहेर काढून गुडघा दाखवला. “हा बघ. पंचविशीपासून कुरकुरतोय. मोठ्या ड्रमवर पाय टाकायला मला केसभर वेळ लागायचा. कळ यायची ना. लोक म्हणाले, वा, काय शैली आहे! मी कशाला सांगतोय कुणाला?”

ती वाकून गुडघा बघायला लागली.

“ताईची ती लांबलचक अक्षरं या गुडघ्यामुळे,” तो म्हणाला. “घड्याळ सरळ वाजवायचा कारण तो सरळ पोरगा होता. आता तुझा हात. तो तसाच वळलाय. काढून टाकलास तर उरेल काय? तो डबा.”

“पण दादा, घड्याळच्या गाण्यांत हा ठोका कुठे बसणार? ती गाणी कसली घट्ट आहेत.”

“ते मला काय विचारतेस? मी ती गाणी ऐकतसुद्धा नाही,” सावकाश म्हणाला, आणि पुन्हा कानस घासायला लागला.

घरी येऊन तिने रबराच्या चटया काढून टाकल्या. नवरा दारात आला, काही बोलणार होता, तिचा चेहरा बघून शेजाऱ्यांना सांगायला गेला. शनिवार आणि रविवारची पहाट तिने घड्याळच्या चार गाण्यांत जागा शोधण्यात घालवली. सगळीकडे ठोका घातला की गर्दी होत होती. शेवटी तिने मोजून सोळा बारीक ठोक्यांतले तीन ठेवले, बाकी गिळले. लेक उंबऱ्यात बसून घड्याळच्या गाण्यांची कॅसेट आणि आई यांच्यामध्ये मान हलवत होती. “आई, हे गाणं आता धापा टाकत नाहीये,” ती एकदम म्हणाली.

रविवारी पोटमाळ्यावर मिस्त्रीणबाईने आल्या-आल्या सगळं कबूल करून टाकलं. मास्तरने मांडीवर थाप मारली. “तलाव! तरीच म्हटलं कुठे ऐकलंय!” ताई खो-खो हसली. डॉक्टरांनी कॅसेट लावून ऐकली, एकदा, दोनदा, आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

“चला, रोग सापडला. आता काढून टाक.”

“नाही काढणार,” मिस्त्रीणबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. “उलट घड्याळच्या गाण्यांतही घातलाय. एकदा वाजवून बघा. मग डबा लावा नाहीतर मला खाली ढकला.”

“डॉक्टर, वाजवून बघायला काय दात पडतात का?” ताई म्हणाली.

वाजवलं. डॉक्टर मध्येच दोनदा थांबले, पुन्हा सुरू झाले, शेवटी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “वाईट नाही. पण पटलंय असंही नाही. कार्यक्रमाला डबा मी बरोबर आणणार. पहिल्या दोन गाण्यांत गडबड वाटली तर तिसऱ्याला बटण दाबेन. आधीच सांगून ठेवतो.”

कार्यक्रम दोन आठवड्यांनी, संध्याकाळी पाचला. हॉल गच्च. उजवीकडे सावकाशवाले, केस पांढरे, हाताची घडी. डावीकडे घड्याळवाले, खुर्च्यांत न मावणारे. रेकॉर्ड करणारा माणूस काचेमागे. डॉक्टरांच्या उजव्या पायाशी स्टुलावर काळा डबा, वायर जोडलेली. मिस्त्रीणबाईने तो पाहिला, तळवे पँटला पुसले आणि चार मोजले.

पहिलं गाणं सावकाशचं. ठाक, टिक. उजवीकडच्या घड्या सुटल्या. एक आजोबा चक्क उभे राहिले. कॅसेटमधलं ते काहीतरी, जे त्यांनी कुठल्याच कार्यक्रमात कधी ऐकलं नव्हतं, ते आज समोर वाजत होतं! गाणं संपलं तेव्हा टाळ्या उजवीकडून आल्या. डावीकडे कुणी खोकलं.

दुसरं गाणं घड्याळचं, सगळ्यात वेगवान. इथे डाव उलटला असता तर संपलंच होतं. तिने सुरुवात जशीच्या तशी ठेवली, घट्ट, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. डावीकडची पोरं उसळली. आणि मग दुसऱ्या कडव्यापाशी तिने पहिला बारीक ठोका सोडला. नंतर दुसरा. गाण्याला एकदम श्वास मिळाला. धावत्या माणसाने न थांबता मागे वळून बघावं तसं. ताईने शेवटचं अक्षर तोडायला तोंड मिटत आणलं होतं. ते मिटलंच नाही. नऊ वर्षांनी तिने अक्षर धरलं, त्या टिकच्या आधाराने धरलं, आणि लांबवत नेलं, लांबवत नेलं, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत! डॉक्टरांची सपासप चालणारी बोटं चुकून तारेवर किंचित जास्त टेकली आणि तार गुणगुणली. ते दचकले. पुन्हा मुद्दाम टेकवून पाहिलं. मग त्यांनी सगळ्या लोकांकडे पाठ केली आणि उरलेलं गाणं मिस्त्रीणबाईकडे तोंड करून वाजवलं. त्यांचे डोळे तिच्या डाव्या हातावर होते. बटणाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

शेवटचा दणका बसला. मग दोन्ही बाजूंनी असा कल्ला उठला की काचेमागच्या माणसाने कानावरचं यंत्र उपटून काढलं. मिस्त्रीणबाई हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. उरलेली सहा गाणी तिने उडत वाजवली.

बाहेर पायऱ्यांवर दोन भाऊ हुज्जत घालत होते.

“शेवटी वळण सावकाशचंच.”

“काहीतरीच काय! दुसरं गाणं ऐकलंस ना? शुद्ध घड्याळ.”

“मग मध्ये मध्ये ते टिक काय होतं?”

धाकट्याने खांदे उडवले. “काय माहीत,” तो म्हणाला. “परत ऐकायला यावं लागेल.”

पुढच्या रविवारी दहाला सगळे पोटमाळ्यावर जमले. ताईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. चार ओळी होत्या, निळ्या पेनने लिहिलेल्या, पाण्याचा थेंब पडून एका जागी फुटलेल्या.

“नवं आहे,” ती म्हणाली. “चाल अजून नाही. ताल पण नाही. नऊ महिने झाले, सुचतच नव्हतं.”

मास्तरने बासच्या तारा जुळवल्या. डॉक्टर गिटार गळ्यात अडकवून उभे राहिले आणि मग तिघंही तिच्याकडे वळले. या गाण्याची कॅसेट नव्हती. यात सावकाश नव्हता, घड्याळ नव्हता, पाठ असलेलं काहीच नव्हतं.

“मिस्त्री,” डॉक्टर म्हणाले, “तू सुरू कर. आम्ही कधी यायचं ते सांग.”

“सांगते,” ती म्हणाली, आणि तिने काठ्या उचलल्या.